वाळवंटात नेलेला रेनकोट

हॉलंडमधल्या कापेल गावी आमच्या शेजारी राहणाऱ्या पद्मजाला स्टुलावर चढून बल्ब बदलायचा म्हटलं तरी गरगरतं. आणि या इंजिनियर बाईंची नोकरी कुठली, तर हेलिकॉप्टरने वाळवंटांची मोजणी करणाऱ्या कंपनीत. अर्थात खुर्चीत बसून. हेलिकॉप्टर ओमानच्या वाळूवर लेझर मारत फिरायचं आणि इथे ही स्क्रीनवरचे रंगीत ठिपके तपासून ‘बरोबर आहे’ असा शेरा द्यायची. इतकी वर्षं तपासलेल्या टेकड्यांपैकी एकही तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती, आणि त्याची तिला मनापासून खंत होती.

गेल्या वर्षी हेलिकॉप्टरमधलं मशीन सांभाळणारा ऐनवेळी आजारी पडला आणि ही हात वर करून मोकळी झाली. नवरा विश्वास हसून हसून बेजार. तरी पहिल्या उड्डाणाआधी फोडायला म्हणून त्यानेच आपल्याकडचं सामान मिळणाऱ्या सुरिनामी दुकानातून नारळ आणून तिच्या बॅगेत कोंबला.

ओमानच्या तापलेल्या हवेत हेलिकॉप्टरला जोर कमी मिळतो, म्हणून चढण्याआधी माणसाला बॅगेसकट काट्यावर उभं करतात. पद्मजा जादा भरली. डच पायलटने तोंडावर सांगितलं, वजन उतरलं नाही तर तुझ्या जागी मेकॅनिक बसेल. तिने त्या सडपातळ मेकॅनिककडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मग बाईंनी काय करावं? तिथेच दगडावर नारळ फोडला, पाणी पिऊन टाकलं, निम्मं खोबरं स्वतः खाल्लं, निम्मं पायलटला चारलं आणि ऐटीत पुन्हा काट्यावर चढली. काटा जेमतेम हलला. म्हणे इंजिनियर!

शेवटी बॅग उपसली, तर तळाशी जाडजूड रेनकोट आणि सायकलवर घालायची पावसाळी पँट. वाळवंटात! पण हॉलंडमध्ये राहिलेला माणूस एक वेळ घराची किल्ली विसरेल, रेनकोट नाही. पायलट पोट धरून हसला, आणि मग जरा ओशाळून त्याने स्वतःच्या बॅगेतूनही एक रेनकोट बाहेर काढला. वजन बसलं.

हेलिकॉप्टर उठलं. खाली मेकॅनिक दोन्ही रेनकोट हलवून निरोप देत होता. पद्मजाने गच्च मिटलेले डोळे हळूच उघडले आणि गरगरायचं विसरून ती हसतच सुटली. तिच्या सगळ्या टेकड्या ओळीने समोर उभ्या होत्या. पायलटने हेडफोनमधून विचारलं, काही बिघडलंय का.

“नाही,” ती डोळे पुसत म्हणाली, “सगळं बरोबर आहे.”