धुतलेली सुरी

काल कारखान्यात सुनेनं विचारलं, "आई, सुरी कुठं ठेवलीत?"

"मी हातच लावला नाय तिला," मी म्हटलं. तिनं डबा उघडला. सुरी आतच होती, धुतलेली, अजून ओली. माझ्या बोटांना ओल्या प्लास्टरचा वास येत होता. त्या वासानं मला वीस वर्षं मागं फेकलं.

हमरापूरच्या आमच्या याच गणपतीच्या कारखान्यात, भरदुपारी, माझा दीर सुरेश मूर्तीची कड तासत होता. तासता तासता त्यानं शेजारी बसलेल्या माझ्या भावाच्या, बाळूच्या मानेत सुरी खुपसली. चार वेळा. बाळूचा आवाज रक्तातच बुडाला, पांढऱ्या मूर्ती लाल झाल्या. सुरेशचे डोळे उघडे होते, पण समोर कुणी नसल्यासारखे. मग त्यानं सुरी बादलीत विसळली, पुसली, डब्यात ठेवली आणि तिथंच कोसळला.

त्याला लहानपणापासून फिट यायची. खटल्यात त्याचा वकील म्हणाला, हात चालला, भान नव्हतं. सरकारी वकिलानं मला विचारलं, "मारल्यावर त्यानं काय केलं?"

"सुरी धुतली."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"नाय. आपणच."

न्यायाधीशांनी तेच धरलं. रक्त धुवायचं ज्याला कळतं, त्याला मारलेलंही कळतं. जन्मठेप झाली. सुरेश तुरुंगातच वारला.

प्लास्टर सुकलं की सुरी वाया जाते, म्हणून आमच्या धंद्यात काम थांबलं की हात आपसूक बादलीकडे जातो. आपल्याला पत्ताही नसतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कोर्टात कुणी विचारलं नाय, हे खरं. पण बाळूची फाटलेली मान डोळ्यांसमोर होती, आणि मी ते गिळलं.