रिकामी वाटी

बायको गेल्यावर माझ्या दाराची कडी वाजवणारे दोघेच उरले, वीजबिल वाटणारा आणि शेजारीण. वीजबिलवाल्याकडून काही अपेक्षा नव्हती. शेजारीण मात्र आठवड्यातून एकदा तरी यायची. हातात स्टीलची वाटी, तिच्यात कधी पाटोडीचा रस्सा, कधी वडाभात, वर ताटली झाकलेली. "गरम हाय भाऊजी, आत्ताच खाऊन घ्या," एवढं म्हणून ती वळायची. मी खायचो, वाटी घासायचो आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायचो. अगदी चकाचक. सारी नोकरी पांढुर्ण्याहून सौंसरला बसने जाऊन-येऊन केलेला माणूस मी. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून घेणं मला जमत नाही.

तीन वाट्या अशा परत केल्या आणि चौथी आलीच नाही.

आधी वाटलं, गावाला गेली असेल. पण भिंतीपलीकडून फोडणीचा वास यायचा, तिचं सुनेवर ओरडणंही ऐकू यायचं. संध्याकाळी मी टीव्हीचा आवाज बारीक करून बसायचो, कडी वाजली तर कळावी म्हणून. सकाळची खिचडी रात्री खायचो आणि रात्रीची सकाळी. बोलायला कुणी नाही, तर कुकरवर खेकसायचो. एकटेपणा फार वाईट असतो हे सांगायला माझ्यासारख्या तिरसट माणसाला लाज वाटते, पण तो फार वाईट असतो.

मग डोक्यात किडा वळवळला. आम्ही बौद्ध, ते तिगावकडे संत्र्याची बाग असलेले शेतकरी. बायको होती तोवर तिच्या हातची भाजी त्यांच्या ताटात जायची. आता मला वाटलं, तिच्यामुळे चाललं होतं, ती गेली आणि यांना जात आठवली. हा संशय मला फुकट मिळालेला नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्यासाठी वेगळा ठेवलेला कप मी पाहिला आहे. त्या दिवसापासून मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे पाठ करून बसू लागलो.

रविवारी पुण्याहून मुलीचा फोन आला. तिच्याजवळ सगळं ओकलो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, वाट्या परत कशा केल्या?"

"धुऊन. कशा करतात?"

"त्यात काय घालून?"

"त्यात काय घालायचं?"

मग ती म्हणाली, "आईनं कधी कोणाची वाटी रिकामी पाठवली होती का? काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकायची ती. रिकामी वाटी म्हणजे, पुरे झालं, आता नका पाठवू."

इतकी वर्षं माझ्या नाकासमोर हे चाललेलं आणि मला पत्ता नाही! बायको साखर टाकताना दिसली की मीच म्हणायचो, "झाली का तुमची देवाणघेवाण सुरू?" ती हसायची आणि टाकायची.

साखर नेऊन देणं सोपं होतं. पण मला शिरा करायची हुक्की आली. रवा करपला. मांडणीतून आमची एक वाटी काढली. सहाच्या संचातल्या पाचच दिसल्या, एक कुठे हरवली कोण जाणे. तो काळसर शिरा घेऊन मी पहिल्यांदाच शेजारणीची कडी वाजवली.

तिने वाटीत पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही केला?"

"हो. करपला."

"करपू द्या बाप्पा." तिने पदर डोळ्यांना लावला. "तुम्ही रिकाम्या वाट्या पाठवून राहिले होते, त मले वाटलं, भाऊजीले संकोच होते, काहून लाजवा माणसाले? म्हणून थांबली मी."

मला आत थांबवून ती स्वयंपाकघरात गेली. माझी वाटी मोकळी करून आणेल असं वाटलं होतं. पण आणली ती दुसरीच, कढीगोळ्यांनी भरलेली. काठावर माझ्या बायकोचं नाव कोरलेलं.

"ताईची हाय. दवाखान्यात गेल्या त्याच्या आदल्या दिवशी हिच्यात आंबाडीची भाजी आली होती. मंग त्या आल्याच नाही. काय भरून पाठवू, समजेच ना. अन् ताईची वाटी रिकामी त पाठवताच ये ना."

घरी येऊन मी कढी खाल्ली. खाताना रडलो, ते सांगून टाकतो. वाटी घासली, पुसली आणि बराच वेळ हातात धरून बसलो. कपाटात तिच्या साड्यांशेजारी ठेवावीशी फार वाटत होती. मुलीनेही तेच सांगितलं असतं.

सकाळी तिच्यात साखर भरली आणि अंगणाच्या भिंतीवरून पलीकडे दिली. "येवढी काय घाई होती भाऊजी?" शेजारीण म्हणाली.

माझी शिऱ्याची वाटी तिने परवा भरून पाठवली. बायकोच्या नावाच्या त्या सहाव्या वाटीची जागा मांडणीत अजून रिकामीच आहे. ती येईल तेव्हा आधी कडी वाजेल.