चाळीस कपाळं

प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं आणि माझ्या एकाच चित्राच्या चाळीस प्रती अजून इतवारीतल्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात वाळत होत्या. ऑपेरात गाणारी बाई मी जुन्या जपानी व्यक्तिचित्रांसारखी काढली होती. पांढराफटक चेहरा, भुवया पुसलेल्या, तोंड उघडं, आणि मागे सिनेमाच्या पोस्टरसारखा भडक गुलाबी. तिथले एक म्हातारे कारागीर एकेक रंग चढवत छापत होते. शेवटचा लाल, फक्त ओठांना. तो सरकला तर सगळंच गेलं, या धास्तीने मी सकाळपासून तीनदा फोन केला होता. "होऊन राहिलं ना ताई, कायले घाबरता?" ते दर वेळी म्हणाले.

पोचले, तर दोरीवर चाळीसही जणी टांगलेल्या, आणि प्रत्येकीच्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू. पुन्हा छापायला वेळ नव्हता.

"हे काहून केलं?" माझा आवाज चढला.

लाल झालेलं बोट पुसत ते म्हणाले, "कपाळ रिकामं दिसून राहिलं होतं. त्यात तोंड उघडं, जशी काही रडूनच राहिली. इथून लग्नाच्या पत्रिका जातात ताई. अशी बाई कशी पाठवू? म्हणून बोटानं लावून देल्लं."

बोलता बोलता त्यांनी वर पाहिलं. नवरा गेल्यापासून मी टिकली लावत नाही. त्यांची नजर माझ्या कपाळावर थांबली आणि घाईने खाली गेली. मग ते लाल रंगाच्या डब्याला झाकण लावू लागले, आणि ते काही केल्या बसेना.