अडकलेली सीडी

माझ्या जुन्या गाडीच्या प्लेयरमध्ये एक सीडी कित्येक वर्षं अडकून आहे. परवा रेल्वे फाटकापाशी खोळंबलो असताना वैतागून बटणावर बुक्की मारली, तर ती बाहेर यायच्याऐवजी वाजायला लागली. गिटार, आणि एका मुलीचा किंचित घोगरा, कोवळा आवाज. फाटक उघडलं तरी मी तिथंच. मागचे हॉर्न ठणाणा करत होते.

ही सदाच्या नंदिनीची गाणी. सदा माझा जुना भागीदार. वाटणीत चालतं दुकान त्यानं ठेवलं आणि मला हा खटारा दिला. लेकीच्या बँडची सीडी तो तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत फुकट टाकायचा. फुकटची म्हणून कुणी ऐकली नाही. बँड मोडला.

आता शेवटचं गाणं संपेपर्यंत मी गावाला उगाच चकरा मारतो. घरी जेवणात लक्ष नाही. चांगलं काही सापडलं, की ते दुसऱ्याच्या कानावर घालेपर्यंत निम्मंच आपलं असतं. आणि सांगावं असा माणूस एकच, ज्याच्याशी बोलणं बंद.

शेवटी फोन लावला. "सदा, पोर काय गायलीय रे तुझी!"

तो म्हणाला, "वाटणीत गाडी दिली होती. सीडी नाही. परत कर."

"अडकलीय. हवी तर येऊन काढ."

"येतो. पक्कड घेऊनच येतो."

"पक्कड आणलीस तर तंगडं मोडीन," मी ओरडलो. "नुसता ये."