रविवारी नऊला येणारी मेघा

पडदा वर जातो तेव्हा शेणवे गावातल्या एका घराची पडवी दिसते. उजवीकडे निळी प्लास्टिकची खुर्ची, तिच्यात केरू. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि फोन हातभर लांब धरलेला. डावीकडे खांबाला टेकून त्याची बायको गोजाबाई, पुढ्यात सुपातले तांदूळ. मागे लावणी उरकलेली खाचरं. आषाढातला उघडिपीचा रविवार. दोघांचेही कान फोनकडे लागलेत, कारण नऊ वाजत आलेत आणि आता तिसरं पात्र प्रवेश करणार आहे.

तिसरं पात्र म्हणजे मेघा, त्यांची मुलगी. फिनलंडमधल्या एका शहरात ती ग्रंथालयात काम करते आणि मराठीत ब्लॉग लिहिते. थंडीत सायकलची साखळी कशी गोठते, काळ्या पावाबरोबर सुकटीची चटणी कशी लागते, शेजारची म्हातारी रोज त्याच बाकावर का बसते, असलं साधंसुधं. कुठकुठली माणसं ते वाचतात. दोन वर्षांपूर्वी तिनं लिहिलं की मोठा फोन आपण देऊन टाकला. आता फक्त बटणांचा, अडीअडचणीला बोलण्यापुरता. मेसेज नाहीत, व्हिडिओ नाही, लिहायला एक जुना लॅपटॉप. ‘माझं लक्ष मला परत हवं होतं,’ असं तिचं वाक्य होतं. वाचकांनी वाहवा केली. गोजाबाईनं ते वाक्य केरूकडून पुन्हापुन्हा वाचून घेतलं आणि दिवसभर जेवली नाही.

कारण तिला वाटलं, हे आपल्यामुळे झालं. रोज व्हिडिओवर ती पोरीचं तोंड न्याहाळायची. “डोळ्याखाली काळं का गो? रडलीस का? कोण बोललं का तुला?” मेघा हसायची, मग हसणं कमी झालं, मग व्हिडिओच गेला. शेवटच्या व्हिडिओवर ती एवढंच म्हणाली होती, “आई, दर रविवारी लिहीन. बाबांनी वाचून दाखवलं की समज, मी ठीक आहे.”

तेव्हापासून गोजाबाईचा सगळा आठवडा त्या एका खुंटीवर टांगलेला असे.

“आली!” केरू ओरडला. “नऊ म्हंजे नऊ. एक मिनिट पुढं नाय का मागं नाय. अशी गाडी आमच्या रेल्वेत कंदी धावली नाय.”

त्यानं घसा साफ करून वाचलं. लेख रायवळ आंब्याच्या आठवणीवर होता. गोजाबाईच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तेवढ्यात फाटकातून शेजारची रविना आली, कढीपत्ता मागायला. शहापूरच्या एका क्लासमध्ये ती कामाला, तिथलं फेसबुकचं पान तीच सांभाळते. केरूचं कौतुक ऐकून ती खळखळून हसली.

“काका, तिकडं आता साडेसहा वाजलेत. रविवारचं एवढ्या सकाळी उठून कोण लिवतं? आदीच लिवून टाइम लावून ठेवायचा, मग ते आपोआप येतं. मी नाय, जयंतीच्या शुभेच्छा रात्री बाराला टाकते? मी तवा ढाराढूर झोपलेली असते!”

केरूही हसला. गोजाबाई हसली नाही.

“म्हंजे माणूस नसला तरी येतं?” तिनं विचारलं.

“येतं की. म्हैना-म्हैनाभर येतं.”

रविना कढीपत्ता घेऊन गेली. गोजाबाईचे हात सुपात तसेच थांबले. किती रविवार? यातले किती रविवार पोरगी खरंच होती आणि किती रविवार नुसतंच यंत्र बोललं? मागच्या आठवड्यात तिला काही झालं असतं, तरी हा आंबा आजही असाच गोड आला असता.

“फोन लावा तिला.”

बटणांचा फोन बंद होता. आतून एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगत होती. केरू म्हणाला, ती रेकॉर्ड केलेली बाई आहे. तरी गोजाबाईनं फोन ओढून घेतला. “कोण गो तू? माझ्या मेघाला दे जरा.” बाईनं तेच पुन्हा सांगितलं. दुपारी तेच, दिवेलागणीला तेच.

मग गोजाबाईच म्हणाली, “त्या लेखाखाली लोक काय काय लिवतात ना? तिथं लिवा. सांगा, आई काळजीत हाय.”

केरूनं मान हलवली. “आई काळजीत हाय हे तिला जल्मापासून ठावं. त्याच्यानं कोण फोन करतं?” आणि आयुष्यभर रेल्वेत ज्या भाषेत निरोप दिले-घेतले, त्या भाषेत त्यानं बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं: ‘आई थोडी आजारी आहे. घाबरू नये. ताबडतोब फोन करणे. बाबा.’

आता आपल्याकडे हा निरोप कसा वाचतात, ते लहान मूलही सांगेल. मेल्याचं कुणी दूरच्या माणसाला सरळ कळवत नाही. ‘आजारी आहे, निघून ये,’ एवढंच सांगायचं, म्हणजे बिचारा वाटेत कोसळत नाही. केरूला स्वतःच्या आईचं असंच कळलं होतं, इगतपुरीला ड्युटीवर असताना. पण लिहिताना त्याच्या ते मनातही आलं नाही.

सोमवारी दुपारी रविना रडत धावत आली. गोजाबाई मोरीवर भांडी घासत होती. तिला बघून रविना जागच्या जागी खिळली.

“काकी, तुमी तं...”

“काय मी तं?”

रविनानं फोन पुढं केला. केरूच्या तीन ओळींखाली माणसांची रांग लागली होती. ‘विनम्र अभिवादन.’ ‘मेघाताई, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत.’ ‘जय भीम. माउली गेल्या.’

“अरे माझ्या कर्मा,” केरूनं चष्मा नाकावर चढवला.

त्यानं घाईघाईनं लिहिलं, ‘आई ठणठणीत आहे.’ पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘काका, धीर धरा. आम्ही समजू शकतो.’

“बघा, तुमी जिती ठेवली तरी लोक ठेवत नायत!” गोजाबाई कडाडली, पण तो राग ओठांपुरताच होता. कालपर्यंत भीती एकच होती, पोरगी आहे की नाही. आता दुसरी तिच्या पाठीवर बसली. पोरगी असेल, एकटी असेल, आणि हे वाचेल. परक्या मुलखात तिला धरायला कोण? चुलीवर भात करपला, तो दोघांनीही मुकाट खाल्ला.

मंगळवारी ऊन कलताना फोन वाजला. लांबलचक अनोळखी नंबर. केरूचा हात पुढं झाला आणि थांबला. गोजाबाईनं ओल्या हातानंच उचलला.

“कोण?”

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला, “मावशी, बाबांना द्या. कधी... कधी झालं?”

 मरणाच्या घरी फोन दुसरीच बाई उचलते, म्हणून पोरीनं आईचा आवाज ओळखलाच नव्हता.

“अगो मेघा, मीच हाय. आई हाय.”

 पलीकडे जो हुंदका फुटला, तो पडवीत केरूलाही ऐकू गेला. मेघा रडली, हसली, बापावर ओरडली, पुन्हा रडली. तळ्याकाठच्या एका लाकडी झोपडीत ती मैत्रिणींबरोबर सुट्टीला गेली होती, लॅपटॉप आणि फोन दोन्ही घरी ठेवून. तिच्याच शहरातली एक मराठी वाचक बाई ग्रंथालयात विचारून गाडी घेऊन तिथवर शोधत आली होती. हा फोनही तिचाच.

“चार रविवारचं लिहून लावून ठेवलं होतं, आई. मी नसले तरी तुला वाचायला मिळावं म्हणून.”

 गोजाबाईनं खांबाला हात टेकला.

“उद्याच मोठा फोन घेते परत,” मेघा म्हणाली.

“घे नायतर नको घेऊ, ते तुझं तू बघ. पर नसशील त्या रविवारी पान कोरं सोड. मी समजंन, पोरगी कुठं तरी हिंडाय गेली. आन् आता रडू नको. आदी त्या लोकांना कळव, गोजाबाई जित्ती हाय.”