बायोप्सीचा सोपा अर्थ

तपासणीच्या खोलीबाहेर शेजारी बसलेल्या मावशींनी डॉक्टरांची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "ताई, बायोप्सी म्हणजे काय हो?"

"गाठीतला बारीकसा तुकडा काढून तपासतात," मी म्हणाले.

"एवढंच ना?" त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि मग घडीवर घडी घालतच राहिल्या, पार नखाएवढी होईपर्यंत. मला वाटलं, उगाच सांगितलं. अवघड शब्द निदान दवाखान्यातच राहतो. सोपा केला की तो आपल्याबरोबर घरी येतो, जेवताना समोर बसतो.

"तुम्हाला बरं माहीत," मावशी म्हणाल्या. "घरात कुणाची केली होती का?"

आठवडाभर मी स्वतःला ते बारीकशा तुकड्याचंच वाक्य सांगत होते. पण उत्तर द्यायच्या आतच आतून माझं नाव पुकारलं.