गुरुवार, चार ते पाच, मशीन नंबर तीन

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. ज्याचं उत्तर मिळत नाही त्याला मी सरळ "माहीत नाही" म्हणते. हे त्यातलंच.

दोन हजार सालानंतरची, लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. नाशिकरोडला माझं चार मशीनचं सायबर कॅफे होतं. पोलिसांचा नियम असा, की येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, मशीन नंबर आणि वेळ रजिस्टरमध्ये पाहिजे. आता खरं सांगते... रोजच्या गिऱ्हाइकांची नावं मी रविवारीच पुढच्या आठवड्याची लिहून टाकायचे. रोज कोण लिहीत बसणार? निफाडहून माझ्याकडे राहायला आलेल्या भाचीचं, वैशालीचं नावही त्यात असायचं – चार ते पाच, मशीन नंबर तीन. तिची सरकारी नोकरीत निवड झाली होती. फक्त पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं.

त्या गुरुवारी बारालाच लाइट गेली. इन्व्हर्टर संपल्यावर मी शटर ओढलं. चार वाजता आम्ही दोघी घरी मेथी निवडत होतो. वैशाली घामाघूम, वैतागलेली. म्हणाली, "आत्या, त्या मंत्र्याच्या बंगल्याला काडी लावली ना, तर सगळ्या नाशिकला उजेड पडेल."

मी म्हटलं, "आधी देठं नीट काढ."

तिसरं कुणी नव्हतं. घरात कॉम्प्युटर नव्हता, मोबाईल दोघींकडेही नव्हता.

दहा दिवसांनी एक हवालदार कॅफेत आले. फाइलमध्ये प्रिंटआउट होता – पोरं तेव्हा ज्या साइटवर एकमेकांना निरोप लिहायची, तिथला वैशालीच्या अकाउंटवरून गेलेला खासगी मेसेज. काडी, बंगला, उजेड... शब्दाला शब्द. गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं, माझ्या कॅफेतून.

लाइट नव्हती, शटर बंद होतं, पोरगी माझ्यासमोर बसली होती, असं मी सांगितलं. त्यांनी रजिस्टर मागितलं आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. "ताई, अक्षर तुमचंच ना?"

मग आगाऊ लिहिण्याचं कबूल करावंच लागलं.

"म्हणजे रजिस्टर खोटं, आणि तुम्ही खऱ्या?"

रजिस्टर फाइलला लागलं. वैशालीच्या व्हेरिफिकेशनवर शेरा पडला, नोकरी गेली. माझा भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

कुणी पासवर्ड चोरला असेल, असं लोक म्हणतात. असेल. रजिस्टरमधली वेळ कुणी पाहून ठेवली असेल, तेही धरून चालू. पण त्या कागदावर मेसेजखाली एक उत्तरही होतं. पाठवणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

"आधी देठं नीट काढ."

हवालदारांना त्याचा अर्थ लागला नव्हता. मी सांगितलाही नाही. ते तिथे कसं आलं, मला आजही माहीत नाही.

वैशाली आता निफाडला द्राक्षांच्या पॅकिंगवर सुपरवायझर आहे. दिवाळीत येते. भाजी निवडायला आम्ही समोरासमोर बसतो, आणि सगळी जुडी संपेपर्यंत दोघीही एक शब्द बोलत नाही.